सालीखालचा खिळा

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक बालवाडीत जात होती. आता तिची लेक बालवाडीत जाते आणि फोनवर मला विचारते, आजी, तू काय करतेस? आज तिला सांगितलं, पत्र लिहितेय. कुणाला, तर म्हटलं माझ्या आबांना. ती म्हणाली, मग फोटो काढून पाठव की. मी हसले आणि फोन ठेवला. तुम्ही होतात तेव्हासुद्धा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. शिरूरहून रजा मिळाली की एसटीनं यायचे, जे सांगायचं ते चुलीपुढं बसून आईला सांगायचे, आणि तुम्ही बाहेर बाजेवर पडून, ऐकत नसल्यासारखं दाखवत सगळं ऐकायचात. आज लिहायला बसले त्याचं कारण दादा आहे. दादा परत आरा मशीनवर उभं राहायचं म्हणतो. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेलीत, आबा. तुम्हाला हे सांगणारं दुसरं कुणी नाही म्हणून मीच सांगते. तो वहिनीचं ऐकत नाही, पोराचं ऐकत नाही, आणि माझं तर लहानपणापासून त्यानं कधी ऐकलेलंच नाही. ज्याच्या एका शब्दावर तो गप खाली बसला असता असा माणूस एकच होता, आणि त्याला सांगायला माझ्याकडे या कागदाखेरीज काही नाही.

वखार अजून तिथंच आहे, दौंडला लाइनीच्या पलीकडे, पाटसकडे जाणाऱ्या रस्त्याला. शेजारी ज्वारीचं रान होतं तिथं आता मोटरसायकलींचं शोरूम आहे, आणि बरोबर समोर प्लायवूडचं दुकान. प्लायवूडला तुम्ही चिकटवलेला भुसा म्हणायचात. तो चिकटवलेला भुसा आता घरोघर गेलाय आणि आपल्याकडे येणारं लाकूड कमी झालंय, पण थांबलेलं नाही. कुणाला चौकटीला लिंब लागतो, कुणाला गाडीच्या जुवाला बाभूळ. मी शिरूरला नोकरीला असताना एक परगावची डॉक्टरीण मला म्हणाली होती, तुमच्याकडे जंगल तर दिसत नाही, मग लाकूड येतं कुठून? मला तेव्हा काही सांगता आलं नाही. आपल्याकडे जंगल कुठलं आलंय? बांधावरची बाभूळ, ओढ्याकाठची करंजं, गावठाणातली चिंच, सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे असलेले वड आणि लिंब, हेच आपलं रान. रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा ते वड ट्रॅक्टरांतून एकामागोमाग आले आणि वखारीत चालायला जागा उरली नव्हती. दादा खूश होता, महिनोन्‌महिने काम पुरणार होतं. तुम्ही मात्र त्या ओंडक्यांकडे बघत म्हणालात, "यवडं एकदम आलं म्हंजी फुडं काय येणार न्हाई." तेव्हा आम्ही तुम्हाला म्हातारा कुरकुरतो म्हणून सोडून दिलं.

तुमचं खरं काम मशीन चालवणं नव्हतंच. मशीन कुणीही चालवतं. तुमचं काम ओंडका मशीनवर चढायच्या आधीचं. माणसाच्या वस्तीतल्या झाडाच्या पोटात काय काय असतं हे मी तुमच्यामुळं बघितलं. शिंप्याच्या पाटीचे खिळे, निवडणुकीच्या फलकांचे खिळे, झोक्याचा आकडा, कुंपणाची तार. झाड ते सगळं गिळून वरून साल ओढून घेतं आणि काही झालंच नाही असं उभं राहतं. धावतं पातं त्या लोखंडावर गेलं की तुटतं, आणि तुटलेलं पातं कुणीकडं जाईल ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तुम्ही ओंडक्याची दोन्ही टोकं ओली करून बघायचात, कारण लोखंड आत असलं की लाकूड निळं-काळं पडतं, आणि मग डोळे मिटून सालीवरून उजवा तळवा फिरवायचात. दवाखान्यात मी पोट तपासणारे खूप हात बघितले, पण इतक्या सावकाश फिरणारा एकही नाही. मध्येच हात थांबायचा. "हितं हाय," म्हणायचात, आणि तिथं असायचा.

सगळ्यांत जास्त खिळे निघायचे ते बाधेचे. कुणाच्या अंगात आलं, कुणाला लागीर झालं, की बांधावरच्या झाडाला लिंबू टेकवून त्यावर खिळा ठोकायचा. लिंबू वाळून गळतं, भूत म्हणे खिळ्याला अडकून राहतं. पुढं पोरांच्या वाटण्या होतात, बांध सरकतो, झाड तोडायची वेळ येते, पण तो खिळा उपटायला घरातलं कुणी धजत नाही. मग बोलावणं यायचं तुम्हाला. "तुम्ही मानत न्हाई, तुम्हाला काय व्हनार?" असं म्हणून भलेभले बागायतदार लांब उभे राहायचे. त्या म्हणण्यात मान किती होता आणि ‘आमच्यावरचं जाऊ दे यांच्यावर’ हा हिशोब किती होता, हे तुम्हालाही कळत असणार. तुम्ही पकड लावून खिळा काढायचात, उन्हात धरायचात आणि म्हणायचात, "भूत ठोकलंय म्हंत्यात. मला तर निसता गंज दिसतोय." काढलेले खिळे कुणी आपल्या वाड्यात ठेवू द्यायचं नाही. तुम्ही ते खिशात घालून घरी आणायचात.

घरी आईचा वेगळाच दरारा. ती भुशाच्या शेगडीपुढं बसलेली असायची. मला ती शेगडी आजही दिसते: डालड्याचा मोठा डबा, मध्ये उभी धरलेली बाटली, तिच्याभोवती ठोकून ठोकून भरलेला वखारीतला भुसा, आणि मग ती बाटली अलगद वर काढायची आईची पद्धत. बाटली निघताना भुसा ढासळला तर तुमच्या चहाची वेळ चुकायची आणि बोलणी मला बसायची, कारण डबा मी धरलेला असायचा. आई विहारात जायची, पंचशील तोंडपाठ, पण खिळ्यांचा डबा तिनं कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. "तुमी मानू नका, पर मला लेकरं हाईत," म्हणायची. तो डबा छपराखाली राहिला. तुम्ही संध्याकाळी दगडावर एकेक खिळा ठेवून सरळ करायचात, गंज झाडायचात, आणि आपल्या वस्तीतलं विहार बांधायला घेतलं तेव्हा त्याच्या खिडक्यांच्या चौकटी तुम्ही त्याच खिळ्यांनी ठोकल्यात. जयंतीला विहार सजतं तेव्हा मी त्या खिडक्यांकडे बघते. अख्ख्या तालुक्याची भुतं तिथं गप बसून वंदना ऐकतात आणि कुणाला काही सांगत नाहीत.

एक दिवस मात्र मला खूप लागला होता. मी सातवीत असेन. शाळेतून परस्पर वखारीत आले होते. मशीन बंद आहे, तुम्ही पाणी प्यायला गेलाय, चिंचेचा मोठा ओंडका पात्याकडे नेणाऱ्या ट्रॉलीवर पडलाय. मी दप्तर खाली ठेवते, डोळे मिटते आणि तुमच्यासारखा हात फिरवते. साल उन्हानं तापलेली आहे. मला वाटतं, मला काहीतरी लागलंय, आणि मी हाक मारणार एवढ्यात तुम्ही माझं मनगट धरता. मारत नाही. पण धरता असं की हात सोडवून घेता येत नाही. "ह्या हातानं पुस्तक धरायचं. परत हितं हात दिसला तर वखारीत पाय ठिवू देणार न्हाई." दादा मागं उभा राहून हसला होता. तो माझ्याहून तीनच वर्षांनी मोठा, आणि त्याच आठवड्यात तुम्ही त्याचा उजवा हात तुमच्या हाताखाली घेऊन ओंडक्यावरून फिरवायला सुरुवात केलीत. मी रागानं कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तुम्हाला वाटलं असेल पोरगी अभ्यासाला लागली.

अभ्यासाला लागले हेही खरं. नर्सिंगला गेले, शिरूरच्या सरकारी दवाखान्यात लागले, आणि तिथं माझ्या या बोटांना एक गोष्ट छान जमायला लागली. तान्ह्या लेकराची शीर. जिथं डॉक्टर थकायचे तिथं मला बोलावायचे. डोळे मिटून बोट फिरवायचे आणि शीर सापडायची. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही बाजेवर कूस बदललीत, पण पुढच्या खेपेला आले तर दौंड स्टेशनवरचा चहावालासुद्धा मला म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणं शीर हुडकता." त्याच खेपेला तुम्ही मला पोळपाट दिलात, चिंचेचा, स्वतः तासलेला. त्याच्या काठाशी एक निळा-काळा डाग आहे, बोराएवढा. मी म्हटलं होतं, डागाचा कशाला दिला? तुम्ही म्हणालात, "हितला खिळा मी काडला. आसा दिसतो त्यो, बघून ठेव." मला तेव्हा वाटलं, शिकवायचं नाही म्हणाला होतात आणि आता हे काय. पण आनंद झाला होता. आजही पोळी लाटताना लाटणं त्या डागावरून गेलं की मला तुमचा आवाज येतो.

आता दादाचं सांगते. इकडचंतिकडचं लिहून मी तेवढंच टाळत होते.

तुमचा एक नियम होता. बांधावरच्या झाडावरून हात दोनदा फिरवायचा, एकदा सालीवरून आणि एकदा साल उतरल्यावर. दारातल्या झाडावरून एकदाच, कारण आपल्या दारातल्या झाडाला कुणी भूत ठोकत नाही. ज्या भुताला घालवायचं त्याला दारात कोण ठेवेल? दादानं तो नियम इतकी वर्षं पाळला आणि तो एकदाही चुकला नाही. गेल्या पावसाळ्यानंतर भीमेकाठच्या एका गावातून लिंबाचं झाड आलं. मालक मोठा माणूस, सोसायटीत, पंचायतीत सगळीकडे पुढं. स्वतः ट्रॅक्टरबरोबर आला होता. दादानं विचारलं, खिळाबिळा? तो म्हणाला, "घरच्या दारातला लिंब हाय. आमच्यात नसतंय तसलं काय." दादानं हात एकदा फिरवला, टोकं ओली करून बघितली आणि ओंडका चढवला. मधोमध, सालीच्या बऱ्याच आत, खिळा होता; ओंडका लांब, त्याचा डाग टोकापर्यंत आलाच नव्हता. पातं तुटलं.

मी केडगावला घरी होते. वहिनीचा फोन आला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, मागं कुणीतरी ओरडत होतं ते ऐकून मला कळलं. पुण्याला नेलं. मी इतकी वर्षं लोकांच्या नातेवाइकांना सांगत आले, रडू नका, बाहेर बसा, मोकळं ठेवा. त्या दिवशी मला एका पोरीनं, माझ्या लेकीएवढ्या नर्सनं, दंडाला धरून बाहेर बसवलं. बोटं जोडता आली नाहीत. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

तो मालक भेटायला आला होता. शहाळी घेऊन आला आणि ती खाली ठेवायचं भान नसल्यासारखा पिशवी हातात धरूनच उभा राहिला. मी त्याला काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. माझ्या आवाजाला दवाखान्यात भलेभले दचकायचे हे तुम्हाला माहीत आहे. पण तोच आधी बोलला. "म्हातारीच्या अंगात यायचं. तिच्यासाठी ठोकला हुता. बांधावर ठोकायला गेलो आस्तो तर गावानं बघितलं आस्तं, म्हून दारातच ठोकला. मी ह्याच्याच विरुद्ध भाषनं करत फिरतो हो, मला कुनापुढं सांगताच येईना." मग म्हणाला, "मला वाटलं इतक्या वर्सांत गंजून गेला आसंल." दादानं डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपलाय. तर तो तसाच म्हणाला, "आसू द्या. म्हातारी कशी हाय?" म्हातारी केव्हाच गेली होती. तो माणूस रडायला लागला आणि मी त्याच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली. रागवायचं तरी कुणावर, आबा? त्याच्यावर रागवायला गेले तर तो म्हातारीचा मुलगा. दादावर रागवायला गेले तर त्यानं तुमचा नियम पाळलेला. तुमच्यावर रागवायला गेले तर तुम्हाला कसं ठाऊक असणार की भुतापेक्षा माणसाला लोकांची लाज जास्त वाटते?

त्याची मलमपट्टी मीच केली, महिनाभर. रोज सकाळच्या गाडीनं केडगावहून दौंडला जायचे. तो हात माझ्या मांडीवर असायचा आणि दादा खिडकीबाहेर बघायचा. जखम भरली. बोटं गेलीत हे हात मात्र काही शिकेना. बोटं होती त्या जागेवर मी कापूस फिरवला की तो म्हणायचा, "हितं करंगळीशेजारचं बोट खाजतंय." मी तिथल्या हवेत खाजवायचे. हे मी कुठल्याही पुस्तकात शिकले नव्हते, पण त्याला बरं वाटायचं.

आणि एक दिवस तो उठला, वखारीत गेला, नवं पातं चढवून घेतलं. मशीन चालवायला कुणी नसताना मशीनला तेल घालत बसला. पोरगा रांजणगावला कंपनीत आहे, तो म्हणाला, पप्पा, मशीन काढून टाकू, जागेवर गाळे बांधू. दादानं तेलाची बुधली परत उचलली. मग त्यानं ऑनलाइन एक काठी मागवली, लोखंड शोधायची. ती ओंडक्यावर धरली की वाजायची, ओंडक्यावरून काढली तरी वाजायची, कारण खाली ट्रॉलीचे रूळ, वर पत्र्याचं छप्पर आणि शेजारी शोरूमच्या गाड्या. शेवटी ती वहिनीनं दाराआड उभी करून ठेवलीय आणि वहिनी जवळून गेली की तिच्या बांगड्यांबरोबर ती आवाज करते. वहिनी मला म्हणाली, "तुम्ही सांगा त्यांना. तुमचं तरी आयकतील." मी सांगितलं. आधी गोडीनं, मग रागानं, मग रडून. तुझ्या नातवंडांकडे बघ म्हटलं. एका हातानं ओंडका आवरायचा नाही तुला, म्हटलं. दादा म्हणाला, "ढकलायला नाक्यावरनं गडी मिळतोय. हात फिरवायला मिळत न्हाई." एवढंच. मी हात टेकले.

तुम्हाला लिहायचं ठरवलं ते तेव्हाच. म्हटलं आबांना सांगू, आबा असते तर त्याला एका शब्दात खाली बसवलं असतं. पण लिहिता लिहिता मला तुमचा शेवटचा हिवाळा आठवतोय. भुशानं छाती भरली होती, दोन वाक्यं बोललात की खोकला. मी नर्स, मी तुम्हाला बजावून सांगत होते की वखारीत पाऊल टाकायचं नाही. तुम्ही बाजेवर बसून माझं सगळं ऐकून घेतलंत, हो हो म्हणालात, औषधही घेतलंत. दुपारी बघते तर बाज रिकामी. वखारीत गेले. तुम्ही स्टुलावर बसून बाभळीच्या ओंडक्यावर नुसता हात ठेवला होता, फिरवत नव्हतात. मी ओरडले. तुम्ही म्हणालात, "बसून काय करू, बाई? हात आंधळा व्हईल." तेव्हा मी तुम्हाला हाताला धरून घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही परत तिथंच. म्हणजे तुम्ही असतात तरी तुम्ही त्याला थांब म्हणाला नसतात. तुम्ही त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसला असतात. हे मला या कागदाच्या मध्यावर येऊन कळलं आणि आता पुढं कुणाला सांगायचं ते कळत नाही.

काल काय झालं ते सांगते. वरवंडच्या एकाचे बाभळीचे तीन आखूड ओंडके आले होते, बांधावरचे. नाक्यावरचा गडी आलेला, तंबाखू मळत बसलेला. मी वहिनीला भेटायला म्हणून गेले होते. दादानं मला वखारीतून हाक मारली. "बाई, जरा हिकडं ये." गेले. तो ओंडक्यापाशी उभा होता, उजवा हात बनियनच्या आत दडवलेला, हल्ली तो तसाच ठेवतो. म्हणाला, "हात फिरव."

मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं?"

"लेकराची शीर घावती तुला. खिळा घावंना व्हय?"

"तुझा डावा हात आहे की."

"डाव्याला कळत न्हाई," दादा म्हणाला. "आबांनी उजवा शिकिवला."

मी ओंडक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांनी, आबा, आणि माझं मनगट धरायला कुणी नव्हतं. बाभळीची साल किती खरखरीत असते हे मी विसरले होते. मी डोळे मिटले. लेकराच्या कातडीखाली जे हाक मारतं ते इथं कुठंच हाक मारत नव्हतं. प्रत्येक गाठ मला खिळा वाटत होती आणि कुठलीच वाटत नव्हती. मागं गडी उठून उभा राहिला होता, ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवून. पात्याला नुकतंच तेल घातलं होतं, त्याचा वास येत होता. मला दुसरं काही सुचेना. दादानं विचारलं, "हाय?"

मी म्हटलं, "आहे."

"कुठं?"

मी एका जागेवर बोट ठेवलं. दादा वाकला. डाव्या अंगठ्यानं ती जागा दाबून बघितली, बराच वेळ बघितली. मग त्याचे खांदे जरा खाली आले आणि तो गड्याला म्हणाला, "ह्यो बाजूला घ्या." दुसरा चढवला. मी हात फिरवला आणि म्हटलं, आहे. तोही बाजूला. तिसऱ्याला गडी म्हणाला, "आज समद्यांतच खिळं निगाया लागलं की." दादा म्हणाला, "निगत्यात कवाकवा." गड्याला परत पाठवलं. मशीन सुरू झालंच नाही. वहिनीनं चहा आणला, तो आम्ही दोघांनी तिथंच बसून प्यायला, आणि त्यानं उजवा हात बनियनमधून काढून गुडघ्यावर ठेवला. मी निघाले तेव्हा म्हणाला, "परवा लोणीकंदाकडनं चिंच येणार हाय. येशील न्हवं?" मी म्हटलं, येते.

गाडीत बसून केडगाव येईपर्यंत मी माझ्या तळव्याकडे बघत होते. सालीनं ओरखडले होते. उद्याच्या चिंचेवर कुठं बोट ठेवायचं, परवा काय सांगायचं, किती दिवस चालेल हे, मला माहीत नाही. वरवंडवाला चौकशीला येईल. खिळे काढून द्या म्हणेल. मग काय दाखवायचं? आज दिवसभर पोळपाटापुढं बसून त्या डागाकडे बघितलं, पण त्यात तुम्ही एवढंच शिकवलंय की खिळा असला तर कसा दिसतो.

हा कागद मी घडी करून पोळपाटाखाली ठेवणार आहे. ठेवायच्या आधी एवढं एक लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही म्हणून. त्या ओंडक्यांत खिळा नव्हता, आबा. तिन्हींत नव्हता. गाडीत बसल्यावर मला आठवलं, मी वखारीत पोचले तेव्हा तिन्हींची टोकं ओली होती. दादानं मला हाक मारायच्या आधीच ती पाणी लावून बघितली होती, आणि ती लालभडक, स्वच्छ होती. तरी त्यानं मला प्रत्येक वेळी विचारलं, हाय?